जेवण कुठे गेलं?

जळगाव,
८ जुलै १९९१

ती. नाना,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवणार असाल, तर एवढं वाचा आणि मग ठेवा. यात घरचं काही नाही. पुस्तकाचं आहे.

मी इथल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले आहे. मागच्या आठवड्यात नव्या पुस्तकांची पेटी फोडली. शिक्के मारणं आणि नंबर टाकणं माझ्याकडे. निम्मी पुस्तकं झाल्यावर एक जाडजूड हाती आलं आणि मी शिक्का हातात तसाच धरून बसले. ग्रीकांचं ते युद्धाचं महाकाव्य, नाना! नववीत तुम्ही धडा बंद करून आम्हाला सांगायचात ते. परीक्षेत नसलेलं शिकवता म्हणून मुख्याध्यापकांची बोलणी खाल्लीत, ते. इंग्रजी भाषांतर नवं आहे, परदेशात नुकतंच छापलेलं.

पुस्तक बाहेर न्यायला बंदी आहे, नाहीतर पुढच्याच गाडीने धुळ्याला धाडलं असतं. पण दुपारच्या सुट्टीत रोज अर्धा तास मिळतो. वाचेन ते तुम्हाला मराठीत लिहून कळवू का? 'हो' असेल तर एक ओळ टाका. 'नाही' असेल तर काहीच टाकू नका, मी समजेन.

सुनंदा


देवपूर, धुळे,
१९ जुलै १९९१

चि. सुनंदा,

पत्र ठेवलं नाही. वाचलं.

मात्र अट आधीच सांगतो. गेल्या वर्षी आखाजीच्या सणाला माझा मुलगा चुडामण शिरपूरहून, तुमच्या घरून निघाला. एसटीने ये म्हणून मी बजावलं होतं. तुझ्या भावाने, भटूने, त्याला मोटारसायकलवर मागे बसवलं, आणि तापीच्या पुलाअलीकडे जे झालं ते झालं. तेव्हापासून त्या घरचं कुणी माझ्या दारावर यायचं नाही, हे मी तुझ्या आबाला भर लोकांत बोललो आहे. सख्खा थोरला भाऊ असला तरी. तू आठ वर्षं माझ्याकडे राहून शिकलीस, चुडामणच्या ताटात जेवलीस, म्हणून तुझं पत्र घरात आलं. त्या पत्रातून बाकीच्यांना आत आणायचं नाही. पुस्तकाचं लिही, बाकी नको.

अक्षर मोठं काढ. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे.

आता मुद्द्याचं. मी कॉलेजात वाचलेलं भाषांतर जुनं होतं. त्यातले सगळे वीर सदोदित दरबारात उभे असल्यासारखे बोलायचे. शिवी द्यायची तरी आधी मुजरा. तुझं हे नवं भाषांतर कसं आहे? नवं म्हणजे पातळ, असा माझा अनुभव. आणि सुरुवात रागापासूनच होते ना? की तीही बदलली?

नाना


जळगाव,
२५ ऑगस्ट १९९१

ती. नाना,

रागापासूनच होते. पहिल्याच ओळीत राग उभा आहे.

आणि पातळ नाही हो, मुळीच नाही! पहिली चार पानं मी डिक्शनरी शेजारी घेऊन बसले होते. पाचव्या पानाला ती उचलून कपाटात ठेवली. माणसं सरळ बोलतात. सेनापती आणि तो सगळ्यात मोठा वीर भांडतात ना, ते तर आपल्याकडे बैलांच्या बाजारात दोघे भांडावेत तसं वाटतं. ओळी आखूड आहेत, श्वास पुरतो. सुट्टीत वाचनालय रिकामं असतं, म्हणून मी मोठ्याने वाचते. शिपाई जीवराम दारातून डोकावून गेला आणि म्हणाला, "ताई, इंग्रजीत पोथी लावली का?"

नावांची मात्र पंचाईत आहे. ती देवनागरीत लिहायला गेलं की निब अडखळतं. म्हणून मी गुणांवरून नावं ठेवली आहेत. मोठा वीर तो 'रागीट'. वेढा पडलेल्या शहराचा राजा तो 'म्हातारा राजा'. त्याचा कर्ता मुलगा, सगळं शहर ज्याच्या जिवावर आहे, तो 'थोरला'. चालेल ना?

आज थोरल्याचा निरोप वाचला. तो लढाईवरून घटकाभर आत येतो, बायको वेशीजवळ भेटते, कडेवर तान्हं. तो पोराला घ्यायला हात पुढे करतो आणि पोर किंचाळून मागे सरतं. बापाच्या डोक्यावरचं ते लोखंड आणि वरचा हलता तुरा बघून घाबरतं. आईबाप दोघं हसतात. नाना, आजूबाजूला एवढी माणसं मरताहेत आणि कवी थांबून हे सांगतो.

आणखी एक. लढाईत कुणी मेला की कवी त्याला तसाच टाकून पुढे जात नाही. त्याचं गाव सांगतो, बापाचं नाव सांगतो, घरी मेंढ्या होत्या की द्राक्षाचा मळा होता तेही सांगतो. आणि तो आता परत जाणार नाही, एवढं सांगून मग पुढे जातो. दोन ओळींसाठी आलेला माणूस असतो, पण त्याला घर असतं.

सुनंदा


देवपूर,
२२ सप्टेंबर १९९१

चि. सुनंदा,

नावं चालतील. आपल्या गावात तरी कोण कुणाला खऱ्या नावाने हाक मारतं?

तुझं पत्र मी तुझ्या काकूला मोठ्याने वाचून दाखवतो, अहिराणीत करून. म्हणजे ग्रीकमधून इंग्रजीत, इंग्रजीतून तू मराठीत, आणि मराठीतून मी स्वयंपाकघरात. इतक्या हातांतून गेलेलं दूध पाणचट व्हायला हवं होतं, झालं नाही. चुडामण गेल्यापासून मंजुळा माझ्याशी कामापुरतं बोलते. पण तान्ह्या पोराचं ऐकून तिने हातातली भाजी खाली ठेवली. "लेकरू भ्याय गयं, मंग बापनी ते डोकावरनं काढं का नही?" मी म्हटलं, काढलं. जमिनीवर ठेवलं आणि पोराला उचललं. "मंग बरं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, पोरीचं पत्र कधी येणार.

मेलेल्यांची गावं सांगण्याचं तू लिहिलंस, ते मी चार वेळा वाचलं. चाळीस वर्षांपूर्वी मी ती पानं कंटाळून उलटली होती. वाटायचं, किती ही नावांची जंत्री! आता कळतं, तो कवी काय करत होता. चुडामणची बातमी पेपरात आली तेव्हा आत कोपऱ्यात मथळा होता. 'एक ठार'. गाव नाही, बाप नाही. बीएस्सीला पहिला वर्ग होता, पेटी वाजवायचा, काही नाही. 'एक'. ते कात्रण माझ्या डायरीत आहे. माझ्या मुलाला त्या कवीच्या हाती द्यायला हवं होतं.

हे घरचं झालं. अट मीच मोडली. तू मोडू नकोस.

भाषांतरकाराला माझा नमस्कार. पातळ म्हणालो ते मागे घेतो.

नाना


जळगाव,
१५ डिसेंबर १९९१

ती. नाना,

उशीर झाला. परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर पुढचा भाग वाचायला धीर होत नव्हता.

रागीटाचा जिवलग मित्र थोरल्याच्या हातून मेला. मग रागीट उठला तो माणूस राहिला नाही. त्याने थोरल्याला मारलं. आणि मारून भागलं नाही म्हणून बाप वेशीवरून बघत असताना प्रेत रथाला बांधून फरफटत नेलं, आणि पुढे रोज नेलं. मला ते सलग वाचवेना. पण त्या आधीचं एक वाचाल तर वेडे व्हाल. रागीटासाठी नवी ढाल घडवतात आणि तिच्यावर काय कोरतात? लढाई थोडी, आणि मग नांगरणी, कापणी, लग्नाची वरात, नाचणारी पोरं. कापणीवाल्यांसाठी झाडाखाली स्वयंपाकसुद्धा चाललेला आहे. मरायला निघालेल्या माणसाच्या हातात कवी अख्खं गाव देतो. असं आपल्याला सुचेल का हो कधी?

आता शेवट. म्हातारा राजा ठरवतो की मुलाचा देह मागायला आपणच शत्रूकडे जायचं. राणी त्याला अडवते. त्या मारणाऱ्याचं काळीज आपल्या दातांनी खावं असं मला वाटतं, म्हणते. तरी तो गाडी जोडून निघतो. तंबूत शिरतो, रागीटाचे पाय धरतो आणि ज्या हातांनी मुलगा मारला त्या हातांवर ओठ टेकवतो. रागीटाला आपला घरी बसलेला म्हातारा बाप आठवतो. दोघे रडतात, प्रत्येक जण आपापल्या माणसासाठी. मग रागीट देह देतो, राजा तो घेऊन घरी येतो. संपलं. सहाशे पानं रागाची आणि शेवट असा.

नाना, आता मी अट मोडते, रागवा हवं तर. आबा दोन वर्षं होत आली तुमच्या दाराची वाट बघताहेत. त्या राजासारखे ते तुमच्याकडे आले, पाय धरले, तर तुम्ही उठवाल का त्यांना? एवढंच सांगा.

सुनंदा


देवपूर,
४ जानेवारी १९९२

सुनंदा,

जेवण कुठे गेलं?

मी ते काव्य एकदाच वाचलंय, तेही चाळीस वर्षांपूर्वी, वाईट भाषांतरात. पण एवढं आठवतं की रडणं झाल्यावर ते दोघे जेवतात. राजा मुलगा गेल्यापासून अन्नाला शिवलेला नसतो. मारणारा त्याला जेवायला बसवतो. मग राजा झोपतो, आणि मग देह घेऊन जातो. तुझ्या पत्रात रडण्यावरून थेट घरी! पान फाटलेलं होतं का?

आणि दुसरं. नववीत तुला पंचाऐंशी मार्क देणारा मीच, म्हणून लाज वाटते. तू तुझ्या आबाला राजा करतेस. राजा कोण असतो? ज्याचा मुलगा गेला तो. तुझ्या आबाचा मुलगा घरात आहे.

नाना


जळगाव,
१२ जानेवारी १९९२

ती. नाना,

पान फाटलेलं नाही. मीच गाळलं.

चुडामण गेला त्या दिवशी आईने तुमच्याकडे डबा आणला होता. भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. मयताच्या घरी चूल पेटत नाही, पहिला कडू घास बाहेरच्याने आणून समोर बसून खायला लावायचा असतो, म्हणून तिने रडत रडत केलं होतं. तुम्ही उंबऱ्यावरूनच तो परत पाठवलात. झाकणही उघडलं नाहीत. मी तिथेच ओट्यावर उभी होते. म्हणून पुस्तकात ते जेवण आलं तेव्हा माझा हात चालेना. वाटलं, नानांना हे वाचायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ. आणि मला ते कळलंही नव्हतं, खोटं कशाला बोलू? मुलगा मेलाय, आणि त्याला मारणाऱ्याने वाढलेलं बाप खातो कसा? मला तो भाग जरा ओंगळच वाटला होता.

तुमचं पत्र आल्यावर ते पान परत काढलं. आता नीट लिहिते. रागीट स्वतः उठतो. मेंढी कापतो, मांस भाजतो, स्वतःच्या हाताने वाटून देतो. आणि त्याला सांगतो की बाबा, मोठमोठ्या दुःखातल्या माणसांनासुद्धा शेवटी भूक लागली आहे. दोघे जेवतात. जेवण झाल्यावर एकमेकांकडे बघत राहतात आणि एकमेकांचं त्यांना कौतुक वाटतं. नाना, कौतुक! याच्या रूपाचं, त्याच्या बोलण्याचं. हे इतकं साधं लिहिलंय की पहिल्या वाचनात माझी नजर वरून घसरून गेली.

तो डबा आईने घासून वर फळीवर ठेवला आहे. चार पुडांचा पितळी. त्यानंतर त्यात काही भरलेलं नाही. हेही घरचंच झालं. भटूबद्दल मात्र एक अक्षर लिहीत नाही. आबांना राजा केलं त्याची माफी मागते.

सुनंदा

(याचं उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत मी एक कार्ड टाकलं, मार्चमध्ये दुसरं. तीही गेली तशी गेली.)


देवपूर,
८ मे १९९२

चि. सुनंदा,

तुझी दोन्ही कार्डं मिळाली. उत्तर सुचत नव्हतं म्हणून दिलं नाही. आता लिहितो, जरा लांबेल. दुसऱ्या डोळ्याचंही झालंय, त्यामुळे अक्षर पुन्हा पूर्वीसारखं बारीक आहे, मंजुळाच्या भाषेत 'मुंग्यास्नी रांग'.

तुझं जेवणाचं पत्र मी तिला आधीच्या पत्रासकट वाचून दाखवलं. काळीज खाण्याचं राणीचं बोलणं ऐकून तिने मान डोलावली. "खरं बोलनी ती." मग राजा जेवला तिथे आलो. ती म्हणाली, त्या राजाला कडू घास घालायला त्याच्या गावात कुणी नव्हतं का? मी म्हटलं, होते, पन्नास जण होते. पण ज्याच्याकडून यायला हवा होता त्याच्याकडूनच आला, तेव्हा तो उतरला. हे बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. पोरी, मी दोन वर्षं दोन्ही वेळा जेवतोय, पण कडू घास घेतलाच नव्हता.

तरी फेब्रुवारी गेला, मार्च गेला. कळणं आणि उठणं यात फार अंतर असतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी उठलो. मंजुळा म्हणाली, मी येणार नाही. पण निघताना हातावर दही घातलं. एसटीत बसलो. पुलावर डोळे मिटून घेतले, ते शिरपूरलाच उघडले.

तुमच्या ओट्यावर तुझा आबा बसला होता. मला बघून उभा राहिला, पण पुढे येईना. मी दारातूनच हाक मारली, "वहिनी, माले भूक लागनी. त्या रोजना डबा वाढ." आतून भांडं पडल्याचा आवाज आला. आबा म्हणाला, "रुपचंद, तू जेवशी ना?" एवढंच. मग आम्ही दोघे म्हातारे तिथे ओट्यावर, अख्ख्या गल्लीसमोर रडलो. तो कुणासाठी रडला मी विचारलं नाही.

वहिनीने परत तेच केलं, भाकरी आणि बिनफोडणीचं वरण. डब्यात भरलं, आणि डब्यातून वाढलं. मी म्हटलं, भटू कुठे आहे? तो मागे गोठ्यात होता. येईना. मी गेलो, दंडाला धरून आणला आणि शेजारी बसवला. नुसता बसून राहिला, ताटाला हात लावीना. मला राग आला. वाटलं, मी एवढा आलो आणि हा अजून ताठ! म्हटलं, मोड भाकरी. तेव्हा वहिनी हळूच म्हणाली, "त्याना हात चालत नही, भाऊजी."

उजवा हात. मनगटापासून वाकडा, बोटं मिटत नाहीत. त्या दिवसापासून.

तू लिहिलं नाहीस. कुणीच सांगितलं नाही. माझा मुलगा गेला तिथे याच्या हाताचं काय सांगायचं, म्हणून तुम्ही सगळे गप्प राहिलात. तो हात मी माझ्या हातात घेतला, सुनंदा. तुझ्या त्या राजाने काय केलं ते मला ठाऊक होतं, पण माझ्याने तेवढं झालं नाही. मी त्याची भाकरी मोडली. वरणात कुस्करली आणि पहिला घास त्याच्या तोंडात घातला. मग त्याने डाव्या हाताने माझ्या तोंडात घातला. वरण खारट होतं, की डोळ्यांचंच होतं, कुणास ठाऊक.

घरी येऊन डायरी काढली. कात्रण बघितलं. आता डोळे चांगले आहेत. मथळा असा आहे: 'एक ठार, एक जखमी'. माझं अख्खं आयुष्य वाचण्यात आणि वाचायला शिकवण्यात गेलं, आणि दोन वर्षं मी एक ओळ अर्धीच वाचत होतो. तुला जेवणावरून बोललो होतो, ते मागे घेतो.

वहिनीने येताना डबा भरून दिला, मंजुळासाठी. मी तो स्वयंपाकघरात ठेवला आणि अंघोळीला गेलो, मुद्दामच जरा वेळ लावला. बाहेर आलो तर चारही पुडं घासून पालथी घातलेली. मंजुळाच म्हणाली, "रिकामा डबा नही देसू मी. पुरणन्या पोया करसू. भटूले म्हना, डबा लेवाले ये."

तुझ्या भावाला तूच कळव. आणि म्हणावं, एसटीने ये.

नाना